नदीकाठच्या नजरेतून पोर्ट लुई

परदेशातील सागरतीरावरच्या शहरांविषयीचे मराठी प्रवासलेखन बहुतांशी अशा माणसांनी केले आहे की ज्यांना समुद्र आधीपासूनच परिचित होता, किंवा ज्यांच्या प्रवासाची सुरुवातच मुंबईच्या गोदीतून होत होती. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या बोटीने, आणि नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांचे ‘आमचा जगाचा प्रवास’ हे पुस्तक 1915 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हाही परदेश गाठण्याचा मार्ग जलमार्गच होता; त्यामुळे त्या पिढीच्या प्रवाशाला परके शहर प्रथम पाण्यावरून, बंदराच्या बाजूने आणि हळूहळू दिसत असे. नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्यातून आज जो प्रवासी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे पोहोचतो, त्याचा क्रम नेमका उलटा असतो. तो मुंबईहून विमानाने बेटाच्या आग्नेयेकडील विमानतळावर उतरतो, उसाच्या मळ्यांतून बेट आडवे ओलांडून वायव्येकडील राजधानीत येतो आणि बंदर त्याच्या दृष्टीस पडते ते सर्वांत शेवटी, शहराच्या पाठीकडून. कुही-मांढळ भागातील शेतकरी, निवृत्त शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या एका लहान प्रवासीगटाला हे शहर कसे दिसले, याचा विचार येथे केला आहे. त्यांचे अनुभव सहलीच्या जाहिरातींतील मॉरिशसपेक्षा वेगळे आहेत, आणि ते तसे का आहेत हे कुहीच्या भूगोलाकडे पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

कुही तालुका समुद्रापासून दूर असला तरी पाण्यापासून दूर नाही. तालुक्याच्या पूर्व सीमेवर वैनगंगा वाहते, अंभोरा येथे कन्हान आणि इतर लहान नद्या तिला येऊन मिळतात आणि त्या संगमावर चैतन्येश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. येथील पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते, म्हणजे समुद्राशी या तालुक्याचा संबंध आहे तो केवळ वाहून जाणाऱ्या पाण्याचा. त्यात 22 एप्रिल 1988 रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाची भर पडली. धरणामागे अडलेले पाणी जेथवर पसरते त्या बुडीत क्षेत्रात कुही तालुक्यातील अनेक गावांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्ती केलेली शेते, आणि गावठाणे गेली व माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत आली. या तालुक्यातील माणसाला विस्तीर्ण पाणी नवे नाही. मात्र त्याने पाहिलेले विस्तीर्ण पाणी हे वर चढलेले आणि पुन्हा न उतरलेले पाणी आहे.

या पार्श्वभूमीवर बंदरातील पाण्याच्या पातळीकडे प्रवाशांचे प्रथम लक्ष जावे हे स्वाभाविक होते. मुंबईत मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते, हे गटातील काहींना गेटवेच्या पायऱ्यांवरून माहीत होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर मात्र तासन्‌तास थांबूनही पाणी फारसे हलल्यासारखे दिसत नव्हते, कारण मॉरिशसभोवतीच्या समुद्रात भरती-ओहोटीतील फरक जेमतेम अर्धा मीटर असतो. बेटाला जवळपास सर्व बाजूंनी प्रवाळाच्या खडकांचा बांध आहे आणि त्याच्या आतील उथळ पाणी शांत राहते. डोंगरातून उतरणारे ओढे जेथे गोडे पाणी समुद्रात सोडतात तेथे प्रवाळ वाढत नाही, त्यामुळे त्या बांधात खिंड पडते आणि अशाच खिंडीमुळे पोर्ट लुईचे बंदर जहाजांना मोकळे मिळाले. फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याने 1735 पासून या जागी बंदर व शहर उभे केले. समुद्राचे बंदर ओढ्याच्या कृपेने घडते, ही गोष्ट नदीकाठच्या माणसांना चटकन पटली.

गटातील शेतकऱ्यांना वाटेवर अधिक थांबवले ते उसाच्या शेतांमधील दगडांच्या राशींनी. विमानतळाकडून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिरव्या उसात मध्येच काळ्या दगडांचे उंच, नीट रचलेले ढीग दिसतात, काही ढीग तर घराएवढे. हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झालेले असल्यामुळे मूळ जमीन दगडगोट्यांनी भरलेली होती आणि ती नांगराखाली आणण्यासाठी मजुरांनी हातांनी दगड वेचून शेतातच रचले. ज्यांनी आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वेचलेले दगड टाकले आहेत त्यांना त्या ढिगांतली मेहनत कोणी समजावून सांगावी लागत नाही. वाहनातील बाकीचे प्रवासी डोंगरांची छायाचित्रे घेत असताना एका वृद्ध शेतकऱ्याने ढिगाची उंची, त्याभोवतीच्या वावराचा आकार आणि एका माणसाच्या दिवसभराच्या वेचणीचा अंदाज यांचे गणित मांडण्याचा प्रयत्न केला व शेवटी ते सोडून दिले.

हा काळा दगड महाराष्ट्राला अनोळखी नाही. तो बेसाल्ट आहे, सह्याद्रीतील किल्ल्यांचा आणि लेण्यांचा दगड, आणि दोन्हीकडच्या दगडांचे नाते भूशास्त्राने जोडलेले आहे. पृथ्वीच्या कवचाखालून सतत तप्त द्रव्य वर येत राहणाऱ्या जागेला उष्णबिंदू म्हणतात. आज रीयुनियन बेटाखाली असलेल्या उष्णबिंदूवरून भारतीय भूखंड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकत असताना दख्खनच्या पठाराचे लाव्हाथर साचले, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात, आणि त्याच उष्णबिंदूने फार नंतर, सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस घडवले. दख्खनच्या या थरांची पूर्व सीमा नागपूरच्या परिसरातच आहे. कुहीचा माणूस त्या सीमेजवळ राहतो. त्या दृष्टीने हा प्रवास एकाच खडकाच्या जुन्या टोकाकडून नव्या टोकाकडे झालेला प्रवास होता.

शहरातील ज्या स्थळी गटाने सर्वांत अधिक वेळ घालवला ते म्हणजे आप्रवासी घाट. त्रू फांफारों या बंदराच्या कोपऱ्यात 1849 मध्ये बांधलेले हे आगार गिरमिटिया मजुरांच्या नोंदणीचे ठिकाण होते. गिरमिट म्हणजे ठरावीक वर्षे, सामान्यतः पाच, ठरलेल्या मजुरीवर मळ्यात राबण्याचा करार. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपुष्टात आली आणि मॉरिशसमध्ये ती 1 फेब्रुवारी 1835 रोजी रद्द झाली. मळेवाल्यांना गुलामांऐवजी मजूर हवे होते, म्हणून 1834 पासून भारतातून करारबद्ध माणसे आणणे सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आली, मद्रासहून बरीच आणि मुंबईहून त्या मानाने थोडी. युनेस्कोने 2006 मध्ये घाटाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. मधल्या काळात किनाऱ्यावर भराव पडल्यामुळे व महामार्ग गेल्यामुळे मूळ आगाराचा थोडाच भाग उरला आहे, पण काळ्या दगडाच्या 16 पायऱ्या जागेवर आहेत. आगार उभे राहिल्यानंतर बोटीतून उतरलेला मजूर याच पायऱ्या चढून वर आला, आगारात सुमारे दोन दिवस थांबला आणि क्रमांक घेऊन एखाद्या मळ्याकडे रवाना झाला.

पायऱ्या अरुंद आहेत, कडा झिजलेल्या आहेत आणि एका वेळी दोन माणसे सुखाने चढू शकतील इतकीच त्यांची रुंदी आहे. गटातील ज्या स्त्रीचे माहेरचे गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेले होते, तिने वाटाड्याला विचारलेला प्रश्न नोंदवण्यासारखा आहे: या लोकांनी आपल्या गावाची नावे येथे कोणाला दिली का? उत्तर नोंदवह्यांत आहे. प्रत्येक मजुराचे नाव, वय, जात, गाव व जिल्हा लिहून घेतला जाई आणि पुढे छायाचित्रही घेतले जाऊ लागले. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत आणि आजही मॉरिशसमधील कुटुंबे आपल्या पणजोबांचे गाव शोधण्यासाठी तेथे अर्ज करतात. विस्थापनाची तुलना जपून करावी लागते, कारण धरणग्रस्ताला निदान आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत भांडता येते; तरीही गाव गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न गावाच्या नावाविषयी असतो, हे त्या पायऱ्यांवर जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही माहितीफलकावरून झाले नसते.

या घाटाच्या आधीही भारतीय माणसे येथे होती. चार्ल्स डार्विन 1836 च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘बीगल’ जहाजावरून पोर्ट लुईला उतरला, तेव्हा त्याने रस्त्यांच्या कामावर राबणाऱ्या सुमारे 800 भारतीय कैद्यांची नोंद केली व त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांविषयी आदराने लिहिले. बंगाल व मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेवर पाठवलेली ही माणसे होती. शहराचे सौंदर्य वाखाणणाऱ्या इतर पाहुण्यांच्या तुलनेत डार्विनची ही नोंद मोलाची आहे, कारण रस्ता पाहताना रस्ता करणाऱ्यांकडे पाहण्याची बुद्धी त्याला झाली.

मॉरिशसमधील मराठी समाज प्रामुख्याने कोकण व पश्चिम महाराष्ट्रातून गेलेल्या मजुरांचा वंशज आहे. कुहीकडची माणसे त्यात का दिसत नाहीत, याचे एक कारण दळणवळणात शोधता येते. त्या स्थलांतराच्या ऐन काळात नागपूरचे भोसले राज्य खालसा होऊन फार काळ लोटला नव्हता आणि मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली ती 1867 मध्ये, म्हणजे मॉरिशसकडील स्थलांतराचा मोठा ओघ ओसरू लागल्यानंतर. त्यामुळे येथे भेटणारी मराठी माणसे विदर्भातील प्रवाशांना आपली वाटतात आणि त्याच वेळी वेगळीही. घरात ती फ्रेंचवर आधारलेली क्रियोल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आणि सखाराम, बाबाजी, भिवाजी अशी पूर्वजांची पहिली नावे नोंदणीच्या कारकुनांमुळे आज त्यांची आडनावे झाली आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. लग्नघरी गोंधळ घातला जातो, आणि कोकणातील जाखडी तेथे झाकरी या नावाने नाचली जाते. एका मराठी मंडळाच्या सभागृहात झाकरीची तालीम पाहताना कुहीच्या प्रवाशांना शब्द निम्मेच कळले, ठेका मात्र पूर्ण कळला. त्यांच्या बाजूने एका निवृत्त शिक्षकाने दंडारीतील, म्हणजे झाडीपट्टीतील लोकनाट्यातील, चार ओळी म्हटल्या तेव्हा यजमानांचीही तीच स्थिती झाली. दोन्हीकडच्या लोकांनी मग सोपी शालेय मराठी स्वीकारली आणि तासभर गप्पा झाल्या, बव्हंशी पाऊस, मिरची आणि मुलांच्या नोकऱ्या या विषयांवर.

मिरचीचा विषय निघाला तो बाजारामुळे. मध्यवर्ती मंडईत आणि तिच्या भोवतीच्या रस्त्यांवर ढोलपुरी विकली जाते: उकडून वाटलेली डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी, जी नेहमी दोनच्या जोडीने देतात, वर मोठ्या पावट्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून. भिवापुरी मिरचीच्या शेजारात वाढलेल्या माणसांनी त्या ठेच्याला मान दिला, हे त्या ठेच्याचे मोठेच प्रशस्तिपत्र समजावे. बिहारच्या मजुरांनी आणलेला हा पदार्थ आज चिनी, क्रियोल, मुसलमान, मराठी असे सगळेच रस्त्यात उभे राहून खातात.

शहराच्या ज्या भागाकडे पर्यटक सहसा पाहत नाहीत तो भाग म्हणजे त्याचे नाले, आणि कुहीच्या प्रवाशांनी ते आवर्जून पाहिले. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि ते पाणी कुही तालुक्यातून वैनगंगेत, पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. मोठ्या शहराच्या खालच्या अंगाला राहणे म्हणजे काय हे या माणसांना शेतातल्या पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून कळलेले आहे. पोर्ट लुईतही डोंगरातून येणारा ओढा दगडी कालव्यात बांधून शहराखालून बंदराकडे नेलेला आहे. 30 मार्च 2013 रोजी दोन तासांच्या आत सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस पडला, ओढ्याचे पाणी शहराच्या मध्यभागी घुसले आणि 11 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील काही कोदां परिसरातील भुयारी पादचारी मार्गात अडकली होती. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीने नागपूरच्या वस्त्यांत जे केले ते गटातील सर्वांच्या स्मरणात होते. दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे: ओढ्याला जागा ठेवण्याऐवजी त्याच्यावर व त्याच्या काठावर शहर वाढवले गेले. पोर्ट लुईचे पाणी निदान समुद्रात जाते असे कोणी म्हटले, तेव्हा गटातील एका धीवर तरुणाने, म्हणजे पिढीजात मासेमारी करणाऱ्या समाजातील मुलाने, बंदरातील कोळ्यांना विचारायला हवे असे उत्तर दिले. ते उत्तर योग्य होते. आत जाळे टाकणारा माणूस असतो तोवर कोणतेही पाणी शहराचे शेवटचे पाणी नसते.

सहल कंपन्यांच्या ठरावीक कार्यक्रमात पोर्ट लुईला अर्धा दिवस मिळतो आणि तो बहुधा किनाऱ्यावरच्या दुकानांत संपतो. उरलेले दिवस वाळूच्या किनाऱ्यांना दिले जातात. विदर्भातून जाणाऱ्या गटांनी हा क्रम आग्रहाने बदलून घ्यावा. घाटाला आणि त्याला लागून 2014 मध्ये सुरू झालेल्या माहिती केंद्राला सकाळचा पूर्ण वेळ द्यावा, दुपारी मंडईत जेवावे, आणि एक दिवस मोका येथील महात्मा गांधी संस्थेसाठी राखावा. तेथे मराठी शिकवणारे प्राध्यापक आहेत, आणि आगाऊ कळवून गेल्यास महाराष्ट्राच्या ज्या भागातून त्यांचे पूर्वज आले नाहीत त्या भागाविषयी विचारण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ असते.