वळचणीतली खिडकी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ सावित्रीच्या खाडीपलीकडे, रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. खाडीच्या अलीकडे, मंडणगड तालुक्यात आमचं घर. त्याची निम्मी कौलं त्या दुपारी अंगणात आणि शेजारच्या कलमांत जाऊन पडली. मी डोंबिवलीत टाळेबंदीत अडकलेली. सहाव्या दिवशी फोन लागला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "वर आभाळ दिसतंय गं. बाकी बरं आहे."

कौलं मिळेनात. मिळाली तर चढवायला माणूस मिळेना. पाऊस तर उंबऱ्यावर आलेला. शेवटी चुलतभावाने धावपळ करून जस्ती पन्हळी पत्रे आणले, वासे-रिपा होत्या तिथे लोखंडी पाइप टाकून घेतले, आणि आजोबांच्या मंगलोरी कौलांचं घर आठवड्यात पत्र्याचं झालं.

त्याच वर्षी गणपतीत मखरामागची भिंत ओली झाली. पत्रा कुठेही फुटलेला नव्हता. पाणी येत होतं ते वळचणीतून. पन्हळी पत्रा पाइपावर टेकतो तो फक्त लाटेच्या तळाशी. लाटेच्या उंचवट्याखाली मोकळी जागा राहते, आणि झड पश्चिमेकडून आली की वारा त्या फटीतून पाणी आत ढकलतो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पुढचा हिशेब केल्याशिवाय मला झोप येणं शक्य नव्हतं. आमच्या पत्र्याची एक लाट सुमारे ७६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर खोल. वळचण तीस फूट. म्हणजे १२० लाटा. एकेक फट बोटभर, पण सगळ्यांची बेरीज आठशे चौरस सेंटिमीटरच्या पुढे. फूटभर लांब-रुंद खिडकीपेक्षा जराशीच लहान. थोडक्यात, पश्चिमेच्या भिंतीत आम्ही एक खिडकी कायमची उघडी टाकून बसलो होतो. तिच्यातून पाणी यायचं, उंदीर यायचे, कुंभारमाश्या येऊन मातीची घरं बांधायच्या, आणि रात्री ट्यूब लावली की पावसाळी किड्यांची वरात.

पहिल्या वर्षी आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. त्या भिजल्या आणि पाणी थेंबथेंब भिंतीवर सोडत राहिल्या. दुसऱ्या वर्षी गवंड्याने सिमेंट-वाळू भरून दिली. दिवाळीपर्यंत ती तडकून फरशीवर. तडकणारच. बारा फुटी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत मिलिमीटरभराहून जास्त लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. सिमेंटला ही रोजची ये-जा कशी सोसणार? तिसऱ्या वर्षीची अक्कल माझी. जुन्या गादीतला स्पंज कापून मी फटींत बसवला. इतका नेटका बसला की मी फोटो काढून भावाला पाठवला. पहिल्या पावसात तो पाणी पिऊन फुगला, चार महिने ओला राहिला, आणि काढला तेव्हा त्याच्या वरच्या पत्र्याला तांबूस गंज धरलेला होता. फोटो अजून फोनमध्ये आहे, पुसवत नाही.

मग कळलं की या फटीसाठी खास वस्तू मिळते. फोमची पट्टी, एक कड सपाट आणि दुसरी पत्र्याच्या लाटेसारखी कापलेली. फिलर म्हणतात तिला. माझ्या स्पंजात आणि तिच्यात फरक पोकळ्यांचा. गादीच्या स्पंजातली छिद्रं एकमेकांत उघडतात, म्हणून पाणी आत पसरतं. या फोमचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, चारी बाजूंनी बंद. त्यामुळे पाणी वरवर राहतं आणि ओघळून जातं.

पहिली मागवलेली पट्टी चुकली. तिच्या लाटा चौकोनी खांद्यांच्या, रंगीत पत्र्यांच्या मापाच्या. आमचा पत्रा गोल लाटेचा. दुसऱ्यांदा मी पुठ्ठा पत्र्याखाली धरला, पेन्सिलीने लाट उतरवली आणि त्या मापाने मागवली. लाटेची पट्टीही दोन तऱ्हेची असते, पत्र्याखालून बसणारी आणि आढ्याच्या रिजखाली पत्र्यावरून बसणारी. दोन्ही घेतल्या. २०२३च्या मे महिन्यात फॅब्रिकेशनवाला आला, पिशवीत हात घालून पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे गोडाऊनला घालतात. घराला कोण घालतं?"

"आम्ही घालतो," आई आतून म्हणाली.

काम कठीण नव्हतं, किचकट होतं. वळचणीच्या ओळीतले स्क्रू सैल करायचे, पत्रा बोटभर उचलायचा, पाइपावर पट्टी सरकवायची, लाटेत लाट बसली की स्क्रू परत आवळायचे. आवळायचेही बेतानेच, जास्त दाबलं तर पत्र्याला खळगी पडते आणि पाणी तिथेच थांबतं. सांध्याला तो सिलिकॉन लावणार होता. नळी उघडली आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. तो मी लावू दिला नाही. तसलं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि पत्र्यावरचं जस्त खातं. बिनवासाचं आणायला तो कुरकुरत दापोलीला गेला आणि अर्धा दिवस तिकडेच राहिला. शिडीवर चढून उरलेल्या पट्ट्या मीच सरकवल्या. खाली वाडीतल्या चार बायका मान वर करून उभ्या.

पूर्व-पश्चिम दोन्ही वळचणी बंद, आढंही दोन्ही अंगांनी बंद. एक फट म्हणून ठेवली नाही. पाऊस आला, झड आली, भिंत कोरडी. वाऱ्यात पत्र्याची कड खडखडायची तीही गप्प झाली. मी डोंबिवलीत मैत्रिणींना हे इतक्यांदा सांगितलं की त्यांनी विषय बदलायला सुरुवात केली.

पहिली तक्रार ऑगस्टमध्ये आली. "चुलीचा धूर जात नाही." मी म्हटलं, गॅस आहे ना? त्यावर आई काही बोलली नाही. गॅसवर भाकरी होते, पण आंघोळीचं पाणी आणि उकड्या तांदळाचा भात चुलीवरच. कौलं होती तेव्हा धूर सांध्यासांध्यांतून झिरपत बाहेर जायचा, सकाळी आमचं सगळं छप्पर वाफाळल्यासारखं दिसायचं. पत्र्याच्या फटींनीही तेच काम चालवलं होतं. मी त्याकडे फक्त पावसाची वाट म्हणून पाहत होते.

दुसरा फोन डिसेंबरात. पहाटे अंथरुणावर पाणी पडतं. डिसेंबरात पाऊस कुठला? नाताळच्या सुट्टीत गेले. पहाटे उठून स्टुलावर चढले आणि पत्र्याखालून हात फिरवला. तळवा ओलाचिंब. बॅटरी मारली तर साऱ्या पत्र्याला खालून दव धरलेलं, आणि लाटेच्या तळाशी थेंब जमून टपकत होते. निरभ्र रात्री पत्रा उघड्या आभाळाकडे उष्णता टाकत बसतो आणि हवेहूनही गार होतो. खाली माणसांचे श्वास, चुलीवरच्या हंड्याची वाफ, दोरीवर वाळणारी धुणी. ही ओल पूर्वी फटींतून निघून जायची. आता ती वर चढून गार पत्र्याला थडकत होती आणि पाणी होऊन आईच्या गोधडीवर परत येत होती. पाऊस बाहेर ठेवायच्या नादात मी घरात पाऊस पाडला होता.

आई स्टुलाशी उभी. "मी तेव्हाच म्हणणार होते," एवढंच म्हणाली. म्हणाली का नाहीस, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी तिचं धुराबद्दलचं ऐकलं होतं कुठे!

आमचा पाऊस नैर्ऋत्येचा, झड येते ती पश्चिमेकडून. म्हणून पश्चिमेची वळचण आणि आढ्याची पश्चिम बाजू तशीच बंद ठेवली. पूर्वेच्या वळचणीतल्या आणि आढ्याच्या पूर्व अंगाच्या पट्ट्या काढल्या. खालून गार हवा आत यावी, वरून ऊबदार हवा निघून जावी, असा बेत. पण फट उघडली की उंदीर आलेच. शिवाय पश्चिमेला एके ठिकाणी उंदरांनी फोमच कुरतडून वाट केली होती. फोम पाणी अडवतो, दात नाही. तेव्हा पूर्वेला बारीक विणीची लोखंडी जाळी लाटेच्या आकारात वळवून ठोकली आणि कुरतडलेल्या जागी फोमच्या पुढेही तीच लावली. जाळी कापताना दोन्ही हातांच्या बोटांना चिरा पडल्या. शाळा सुरू झाल्यावर आठवडाभर खडू धरवत नव्हता.

जाळी असूनही मुंग्या, पाली आणि एक-दोन कुंभारमाश्या अजून येतात. जानेवारीतल्या दोन फार गार पहाटे पत्र्याला दव धरलं, पण टपकलं नाही. धूर जातो. सकाळी लांबून पाहिलं तर आढ्याच्या एकाच अंगाने, पूर्वेकडून, निळसर रेघ वर चढताना दिसते.

काढलेल्या वीस पट्ट्या मी पडवीत रचून ठेवल्या होत्या, परत पाठवता येतील का बघू म्हणून. पुढच्या मेमध्ये गेले तर त्या तिथे नव्हत्या. आईने त्या फडताळात ओळीने मांडल्या होत्या आणि कोकमाच्या आगळासाठी धुतलेल्या बाटल्या त्यांवर आडव्या निथळत ठेवल्या होत्या. एका लाटेत एक बाटली, बरोब्बर मापाची.