हवा खायला निघालेली गाडी

नागोयात भाच्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर, कैरीच्या लोणच्याच्या बरणीला खेटून, एक लाल शंकू ठेवलेला होता. वीतभर उंच, वरून तारेची जाळी, आत बारीक चुण्या घातलेलं ओशट सुती कापड. भाचेसून त्याला वळसा घालून वाट्या मांडत होती. मी उचलून हुंगला. जुन्या शिवणयंत्राच्या खणाला येतो तसा वास.

"मामा, एअर फिल्टर आहे तो. उद्या गाडीला बसवणार."

"कोण बसवणार?"

"मीच."

भाचेसून काही बोलली नाही. तिनं आमटी वाढली.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात त्यानं इंजिनाचे आडवे-उभे छेद काढून भरपूर मार्क मिळवले, पण पाना धरायची वेळ कधी आली नाही. नागोया आणि भोवतालचा आयची प्रांत म्हणजे मोटारींचाच मुलूख. तिथं दहा माणसं भेटली की त्यातली चार-पाच गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर पोट भरत असतात. याच्या वाट्याला आल्या आहेत दाराच्या काचा. काच वर जाताना मध्ये कुणाचं बोट आलं तर ती आपोआप खाली यावी, एवढ्या एका गोष्टीच्या सॉफ्टवेअरवर त्याची तिशी चालली आहे. अशा माणसाला एके दिवशी बॉनेट उघडावंसं वाटलं, यात मला काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते इतकी वर्षं न वाटल्याचं.

गाडी सुझुकीची, अल्टो वर्क्स. आपल्याकडे अल्टो म्हटलं की पांढरी, मागच्या काचेवर मुलांची नावं लिहिलेली गाडी डोळ्यांपुढे येते. ही तिची तिखट जपानी बहीण. वजन सगळं मिळून ६७० किलो, पिवळी नंबर प्लेट, पायाखाली क्लच, हाताशी गिअर आणि इंजिनाला टर्बो. जपानात या छोट्या गाड्यांना 'केई' म्हणतात. इंजिन ६६० सीसीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा कायदा. अश्वशक्ती ६४च्या वर न्यायची नाही, हा कायदा नव्हे. तो कंपन्यांनी आपापसांत पाळलेला संकेत, १९८७ सालापासूनचा. सगळ्यांनी मिळून ठरवून कमी जेवावं आणि पंगतीत कुणी जास्त वाढून घेऊ नये, हे त्याच देशात जमतं.

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये बॉनेट वर गेलं. ऑगस्टचा महिना. नागोयाचा उन्हाळा मुंबईला मान खाली घालायला लावेल असा दमट. भाच्यानं टॉवेल अंथरून त्यावर हत्यारं ओळीनं मांडली होती, सत्यनारायणाची तयारी करावी तशी नेटकी. मूळ फिल्टर काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत असतो. पेटीच्या क्लिपा सुटल्या, दहाच्या पान्यानं बोल्ट निघाले, रबरी नळीवरचा क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरनं सैल झाला आणि पेटी हातात आली. पेटीच्या अंगाला एक निरुपयोगी वाटणारा पोकळ फुगवटा होता. तो निरुपयोगी अजिबात नसतो. इंजिन हवा ओढतं तेव्हा जो घोगरा आवाज होतो, तो त्या पोकळीत जिरतो. बैठ्या, सभ्य, कुणाची झोप न मोडणाऱ्या गाड्या निघाव्यात म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं गणितं मांडून तो फुगवटा घडवलेला असतो. भाच्यानं तो बाजूला ठेवला आणि त्या जागी लाल शंकू बसवला.

एवढ्यात समोरच्या जिन्यावरून एक आजोबा उतरले. हातात पाणी घालायची झारी. पार्किंगमध्ये असली कामं करायची नसतात, ते सांगायलाच आले असणार, म्हणून भाचा आधीच कमरेत वाकला. आजोबाही वाकले. मग त्यांनी झारी खाली ठेवली, इंजिनात डोकावले आणि एका बारक्या नळीकडे बोट दाखवलं. नळीचं तोंड उघडंच राहिलं होतं. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर न सोडता पुन्हा आत फिरवणारी ती ब्रीदर नळी. नव्या शंकूला ती जोडायची, हे पहिल्यांदा हात घालणाऱ्याला कसं सुचणार? ती जोडून झाल्यावर आजोबांनी गाडी सुरू करायला सांगितली, टॉवेलवरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

भाच्यानं ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं सणसणीत श्वास घेतला.

आता याचा फायदा काय, हे हिशेबानं पाहायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, आणि ती हवा जितकी थंड तितकी दाट. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता तीनेक टक्क्यांनी उतरते. मूळ पेटी बाहेरची गार हवा घेत होती. हा उघडा शंकू बॉनेटखालचीच भाजलेली हवा ओढू लागला. भाच्याच्या फोनवर आत शिरणाऱ्या हवेचं तापमान दिसत होतं आणि सिग्नलला थांबलो की तो आकडा दुधासारखा वर चढायचा. म्हणजे खर्च करून, घाम गाळून गाडी बहुधा किंचित मंदच झाली होती. सांगलीहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं शंकू पाहिला, कौतुक केलं आणि विचारलं, "ॲव्हरेज वाढलं का रे?"

मला मात्र भाच्याचा चेहरा पुरेसा होता. पहिला फेरफार ताकदीसाठी कुणी करत नाही, असं माझं मत आहे. ताकद हे घरच्यांना सांगायचं कारण. आपण हात लावला आणि यंत्राचा आवाज बदलला, हे कानांनी ऐकायचं असतं. पुढच्या रविवारी तो होम सेंटरमधून ॲल्युमिनियमचा पत्रा आणून कात्रीनं कापणार होता, शंकूभोवती आडोसा करायला. चुकीचं दुरुस्त करायला आणखी एक रविवार मिळाला, यातच तो खूश.

त्याच मुक्कामात मी एक संग्रहालय पाहून आलो. नागोयाच्या साको स्टेशनाजवळ लाल विटांची एक जुनी गिरणी आहे. १९११ साली साकिची टोयोडांनी मागांच्या प्रयोगांसाठी उभारलेल्या कारखान्याची ती जागा. १९९४पासून तिथं टोयोटाचं संग्रहालय आहे. मोटारी पाहायला म्हणून लोक येतात आणि आधी सूत, चरखे, माग यांतून वाट काढावी लागते. ही मांडणी मला फार पटली. साकिचींचा मुलगा किइचिरो हाही या विषयातला नवशिकाच. त्यानं १९३३च्या शेवरोलेचं इंजिन खोलून तसंच घडवायला घेतलं, तेही मागांच्या कारखान्यात. सिलिंडर ब्लॉकचं ओतकाम साधेना. मागांचं बीड ओतणारे हात सराईत होते, पण इंजिनाच्या पोटात पाणी खेळवायच्या पोकळ्या ठेवून ओतायचं म्हणजे वेगळं शास्त्र. भंगारात गेलेल्या ओतिवांचा ढीग लागला. १९३४च्या सप्टेंबरात इंजिन उभं राहिलं, सहा सिलिंडर, ३३८९ सीसी. चालू केलं तर मूळ शेवरोलेइतका जोर देईना. मग सिलिंडर हेडच्या आकारात फेरफार झाले आणि ते ६२ अश्वशक्तीवर आलं. टोयोटाचं पहिलंवहिलं इंजिन हेही असं कुणाचं तरी उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवलेलं.

पण माझं लक्ष इंजिनाकडे राहिलंच नाही. मागच्या दालनात एका बाईंनी हातमोजे घालून १९२४चा जी टाइप माग सुरू करून दाखवला होता आणि तो आवाज कानातून जाईना.

मी इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून ते गाव झोपलेलं नाही. आमच्या घराची मागची भिंत शेडला लागून होती. लँकेशायर धाटणीचे साधे माग, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे वेळा धोटा इकडून तिकडे. त्या खटखटीत आम्ही पाढे म्हटले, आजारी पडलो, बरे झालो. रात्री वीज गेली की शांततेनं जाग यायची.

शेडमध्ये खरी सत्ता मालकाची नसे, जॉबरची असे. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. आमच्याकडचा जॉबर खाकी हाफपँट घाली, तोंडात तंबाखू धरी आणि बोलायची वेळ आली तर आधी थुंकून येई, म्हणून फारच कमी बोले. सकाळी आला की दारातच उभा राहायचा. आत जायचा नाही. डोळे अर्धे मिटून ऐकायचा. मग बोटानं एखाद्या मागाकडे खूण करायचा. तिथं धोट्याला टोला देणारी काठी केसभर उशिरा पडत असायची, किंवा चामड्याचा पिकर फाटायला आलेला असायचा. वडील म्हणायचे, याचे डोळे काढले तरी चालेल, कान जपा.

त्याच्या डोक्यात एकदा डॉबी शिरली. साध्या मागावर साधंच कापड निघतं. काठाला नक्षी हवी तर मागाच्या डोक्यावर डॉबी चढवावी लागते. वडिलांनी नाही म्हटलं. चालता माग उघडायचा, चार दिवस उत्पादन बंद, आणि बिघडला तर? जॉबरनं मान डोलावली. त्यानंतर कोपऱ्यातला, खांबाजवळचा माग रात्रपाळीला वारंवार "नादुरुस्त" होऊ लागला. भंगारबाजारातून आणलेली जुनी डॉबी, ओळखीच्या लोहाराकडून वाकवून आणलेल्या पट्ट्या, आणि मला आठवतं, आमच्या आईच्या जुन्या पोळपाटाचा एक तुकडासुद्धा त्यात कुठंतरी ठोकला होता. मी शाळकरी. मला त्यानं बॅटरी धरायला बसवलं होतं, ते शपथेवर. तो माग पहिल्यांदा फिरला तेव्हा इतर मागांपेक्षा हळू चालला, कण्हल्यासारखा, मध्येच थबकत. जॉबरनं मुठीतल्या पान्याचं टोक मागाच्या बाजूला टेकवलं, दुसरं कानाला लावलं. मग पाना काढला आणि काठाकडे बोट दाखवलं. एका रेषेत लहान लहान चौकटी उमटत होत्या. वाकड्या होत्या. पण होत्या.

वडिलांनी ते कापड हातात घेतलं, उजेडात धरलं आणि वाकडेपणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पगारात वाढ केली, असं मला लिहायला आवडलं असतं. ती त्यांनी दिवाळीपर्यंत केली नाही.

टोयोडांच्या जी टाइपमध्ये कांडीवरचं सूत संपत आलं की चालत्या मागातच धोटा बदलतो आणि धागा तुटला की माग आपला आपण थांबतो. त्यामुळे एकटा माणूस तीस-तीस माग सांभाळू शके. आमच्याकडे एका कामगाराकडे चार. १९२९ साली लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं जी टाइपचं पेटंट एक लाख पौंडांना घेतलं. लँकेशायरनं नागोयाकडून माग विकत घ्यावा, ही गोष्ट आमच्या जॉबरला कुणी सांगायला हवी होती. गंमत अशी की भाच्याची गाडी ज्या सुझुकीची, तीही मुळात मागवालीच. हमामात्सूला १९०९ साली मिचिओ सुझुकींनी माग बनवायला सुरुवात केली तिथपासूनची. म्हणजे १९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्ग हुरळला, तेव्हा आपण सगळे एका परीनं मागावरच बसलो होतो.

आता टोयोटाच्या मागांत धोटा उरलेला नाही. एअरजेट माग हवेच्या झोतानं बाणा पलीकडे फेकतो, मिनिटाला सात-आठशे वेळा. इचलकरंजीतही जपानी आणि युरोपीय एअरजेट आले आहेत. मागच्या खेपेला ओळखीच्या एका तरुण कारखानदाराकडे गेलो होतो. थंडगार शेड, पांढरे दिवे, प्रत्येक मागाला पडदा. कुठं काय अडलं ते पडद्यावर आकड्यात उमटतं. कान लावून ऐकायला काही नाही. सगळ्यांचा मिळून एकच फूत्कार.

"यात काही फेरफार करता येतात का रे?" मी विचारलं.

"झाकण उघडलं की वॉरंटी जाते, काका," तो म्हणाला, आणि त्यानं पोराला दोन कटिंग सांगितले.