आधी विचारा, मग हुक द्या

हस्तकलेच्या सामानाचं दुकान काढायचा विचार करताय? मग माझी एक चूक आधी ऐका.

एक ताई दुकानात आल्या. दिवंगत आईच्या सुती साड्यांच्या पट्ट्या कापून त्यांना गोणपाटावर गालिचा करायचा होता. म्हणाल्या, ‘‘गालिच्याचा हुक द्या.’’ माझ्याकडे एकच प्रकार होता, टोकाशी उघडझाप करणारी जीभ असलेला लॅच हुक. घाऊक बाजारात स्वस्त मिळाला म्हणून भरून ठेवलेला. मी तोच दिला.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. गोणपाट फाटलं होतं, कितीतरी पट्ट्यांचे धागे निघाले होते. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘आईच्या साड्या आता कुठून आणू?’’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी नीट शिकून घेतलं. लॅच हुक जाळीदार कॅनव्हासवर लोकरीचे तुकडे गाठीने अडकवण्यासाठी असतो. पंच नीडल उलट बाजूने सलग लोकर आत ढकलते. पट्ट्यांच्या गालिच्याला हवा असतो रग हुक, म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली, क्रोशाच्या सुईसारखी आकडी. ती पट्टी खालून वर ओढून फास काढते. ही कला कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात 19 व्या शतकात बहरली ती तागाच्या पोत्यांवर, आणि त्या तागाचं माहेर आपला बंगाल!

आता माल भरताना मी हे पाहते. आकडीचं टोक गुळगुळीत हवं, नाहीतर गोणपाटाचे धागे अडकतात. अरुंद पट्ट्यांसाठी बारीक आणि रुंद पट्ट्यांसाठी जाड, असे दोन्ही हुक हवेत. मूठही दोन प्रकारची ठेवते, पेनसारखी सडपातळ आणि तळहातात मावणारी गोल. बोटं दुखणाऱ्या आजींना गोल मूठ बरी पडते. नवा हुक आला की आधी दोन-तीनच नग घेते, स्वतः तासभर काम करते, मगच मोठी ऑर्डर देते. काउंटरवर गोणपाट ताणलेली एक चौकट ठेवली आहे. ग्राहकांनीही चार फास काढून पाहावेत.

त्या ताईंना मी योग्य हुक पैसे न घेता दिला. उरलेल्या पट्ट्यांत गालिचा झाला नाही, देवघरापुढचं छोटं आसन झालं. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला.

म्हणून सांगते, कुणी हुक मागितला की लगेच किंमत सांगू नका. आधी विचारा, ‘‘काय करणार आहात?’’