तांबडं बटण

यंत्रं दोन तऱ्हांनी मोठी होतात. काही खरोखरीच मोठी होतात, आगगाडीच्या इंजिनासारखी; आणि काही लहान होत होत मोठी होतात. गाणं वाजवणारं यंत्र या दुसऱ्या जातीचं. एके काळी ते भरतकामाचा रुमाल डोक्यावर घेऊन दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसायचं. आता ते वालाच्या दाण्याएवढं होऊन कानात जाऊन बसलं आहे. या प्रवासाचा इतिहास कुणालाही विचारा, तो तुम्हाला इंचांत आणि तोळ्यांत मोजून दाखवील. मला हे मोजमाप अपुरं वाटतं. मी अशा प्रत्येक यंत्राला दोन प्रश्न विचारते. तुझ्याभोवती कान किती बसतात? आणि तुझ्या अंगावर तांबडं बटण आहे का?

पहिला प्रश्न वाचकांना सहज कळेल. दुसऱ्याचा खुलासा होईलच.

माझी आई गुलमंडीजवळच्या एका वाड्यात वाढली. त्या वेळी रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरावी लागे. हा परवाना पुढं ऐंशीच्या दशकात रद्द झाला. सबंध वाड्यात रेडिओ एक, त्यामुळं परवाना एक आणि कान निदान तीस! बुधवारी रात्री सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ लागली की पोरीबाळी उंबऱ्यापर्यंत सरकत येत. आत बसण्याचा मान घरमालकांच्या नातलगांचा. आई अजून सांगते, की तिनं त्या काळातली निम्मी गाणी उंबऱ्याबाहेरूनच पाठ केली.

मग रेडिओला पाय फुटले. १९५४ साली अमेरिकेत ‘रीजन्सी’ नावाचा चार ट्रान्झिस्टरांचा रेडिओ निघाला, आणि १९५७ साली जपानच्या सोनी कंपनीनं ‘खिशात मावणारा’ म्हणून आपला रेडिओ बाजारात आणला. गंमत अशी, की तो खिशात मावत नव्हता! मग कंपनीनं आपल्या विक्रेत्यांसाठी जरा मोठ्या खिशाचे सदरे शिवून घेतले. ही हकिगत कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनीच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. यंत्र माणसाच्या मापाचं होत नसेल, तर माणसाचा सदरा यंत्राच्या मापाचा करावा, हा धडा पुढच्या साऱ्या कंपन्यांनी चांगलाच गिरवलेला दिसतो.

पण ट्रान्झिस्टर खिशात राहिला तरी त्याचा आवाज खिशात राहत नसे. राखणीला गेलेला माणूस तो माळ्याच्या खांबाला टांगी आणि शेजारच्या चार शेतांतली माणसं बातम्या ऐकत. उणीव एकच होती. तो आपला बोलत राही. त्याला कुणी काही सांगू शकत नसे.

ती सोय कॅसेटनं केली. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीतले लू ओटेन्स नावाचे अभियंते कोटाच्या खिशात बसेल असा एक लाकडी ठोकळा घेऊन हिंडत. नव्या यंत्राचं माप एवढंच हवं, असा त्यांचा हट्ट. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांनी पाहिली. पुढं फिलिप्सनं तिचा परवाना इतर कंपन्यांना फुकट दिला, म्हणून जगभर एकच माप रूढ झालं. (तो मूळ ठोकळा, म्हणतात, ओटेन्ससाहेबांनी एकदा मोटारीच्या जॅकखाली टेकू म्हणून दिला आणि त्याचा चुरा झाला. मोठ्या शोधांच्या मूळ वस्तू अशाच कामी येतात.) या कॅसेटच्या यंत्रावर पाच-सहा बटणं एका रांगेत असत आणि त्यांतलं एक तांबडं असे. ते ‘प्ले’बरोबर दाबलं, की यंत्र बोलायचं थांबून ऐकू लागे.

या बटणाचा महिमा मराठवाड्यानं पाहिला आहे. ध्वनिमुद्रिका काढायची तर मुंबईच्या मोठ्या कंपनीचा उंबरठा झिजवावा लागे; कॅसेट मात्र कमी भांडवलात निघे. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं घेऊन ज्या वस्त्यांत पोचला, तिथं तबकड्यांचा ग्रामोफोन कधी गेलाही नसता. माझ्या लहानपणी १४ एप्रिलला भडकल गेटपाशी कॅसेटींच्या हातगाड्या उभ्या राहत. प्रत्येक गाडीवर वेगळं गाणं, आणि सगळी गाणी एकाच वेळी! पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ साली उत्तर भारतातल्या कॅसेटींवर एक सबंध ग्रंथ लिहिला. आमच्या भडकल गेटवर तेवढाच मोठा ग्रंथ होईल, असं मला नेहमी वाटतं.

आता त्या जपानी यंत्राकडं वळू. १ जुलै १९७९ रोजी सोनीनं ‘वॉकमन’ विक्रीला काढला. बातमीदारांसाठी त्यांचं ‘प्रेसमन’ नावाचं एक छोटं मुद्रणयंत्र आधीच होतं. त्यातली मुद्रणाची सोय काढून टाकली, त्या जागी दोन्ही कानांना निराळा सूर देणारी योजना बसवली, की झाला वॉकमन! म्हणजे तांबडं बटण पहिल्यांदा गेलं ते इथं. जगानं याला पुढचं पाऊल म्हटलं, आणि पहिली तीस हजार यंत्रं दोनेक महिन्यांत हातोहात खपली.

पण याच यंत्रावर आणखी एक वस्तू होती, आणि तिच्यासाठी मला मोरितांबद्दल आदर वाटतो. त्यांनी नमुन्याचं यंत्र घरी नेलं, कानाला लावून ऐकत बसले, आणि बायको रुसली. कारण तिला काहीच ऐकू येईना. एकट्यानं ऐकणं हे जरा असभ्यच, असं त्यांना वाटलं. म्हणून पहिल्या वॉकमनला कानयंत्र जोडायच्या जागा दोन ठेवल्या आणि एक नारिंगी बटण दिलं. ते दाबलं की गाण्याचा आवाज उतरायचा आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढं कंपनीच्या ध्यानात आलं, की गिऱ्हाइकांना ही दुसरी जागा नकोच आहे! ज्याला त्याला आपापलं यंत्र हवं होतं. मग नारिंगी बटण गेलं, आणि कालांतरानं दुसरी जागाही गेली. बायकोच्या रुसण्यातून निघालेली ती चांगली कल्पना. पण बाजारात तिला कुणी विचारलं नाही.

आमच्या घरी वॉकमन आला नाही. आला तो ‘टू-इन-वन’. माझा मामा कुवेतला वेल्डर होता. १९८८ साली तो रजेवर आला तेव्हा त्याच्या सामानात खजूर, अत्तर, नायलॉनच्या साड्या आणि ही चकचकीत पेटी होती. रेडिओ आणि कॅसेट एकत्र, वरती मूठ; मोठ्या तांबड्या बटणासकट. मामानं ती पेटी पैठण तालुक्यातल्या आमच्या आजोळी नेली आणि आजीला म्हणाला, “आई, तुझ्या ओव्या भरून घेतो. तिकडं ऐकीन.”

आजी म्हणाली, “नुसत्या कशा म्हणू रं? हात फिरल्याबिगर तोंड फिरत न्हाई.”

गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण पडवीत जातं होतं. आजीनं पसाभर जोंधळे घेतले, पाय पसरले, खुंटा धरला आणि मग तिच्या तोंडून ओवी आली. मी सात वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की मामानं तोंडावर बोट ठेवून आम्हा सगळ्या पोरांना भिंतीशी बसवलं होतं.

मामा एक कॅसेट घेऊन परत गेला आणि तिची नक्कल आईजवळ राहिली. १९९० साली कुवेतमधून अंगावरच्या कपड्यांनिशी पळून येताना मामाची कॅसेट तिकडंच राहिली. आजी १९९६ साली गेली. आईजवळची नक्कल मात्र साड्यांच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात शाबूत होती.

मधल्या काळात यंत्रं भराभर पुढं गेली. व्हीसीआर चादरीत गुंडाळून रात्रीपुरता भाड्यानं आणायचे दिवस आले नि गेले. या बाबतीत आमच्या गावाला स्वतःचाही अभिमान होता. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. ऊस-कापसाच्या धंद्यातल्या धूत घराण्यानं ऐंशीच्या दशकात जपानच्या तोशिबाच्या साहाय्यानं रंगीत टीव्ही काढला आणि पुढं सान्सुई, अकाई अशी जपानी नावंही भारतात विकली. ‘जपान चितेगावला आहे’ असा आमच्या वर्गात विनोद असे. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, तेव्हा आमच्या ओळखीच्या घराघरांत त्याची झळ लागली. २००१ साली अमेरिकेत ‘आयपॉड’ निघाला. एक हजार गाणी खिशात, अशी त्याची जाहिरात होती. तो आमच्याकडं थोड्यांनीच पाहिला. पैठण गेटच्या दुकानांत ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. पिठाच्या गिरणीत डबा द्यावा तसं कार्ड द्यायचं आणि तासाभरानं भरलेलं परत आणायचं. आयपॉडचा शेवटचा प्रकारही २०२२ साली बंद झाला. गाणं आता कुणाच्याच घरात नसतं. ते कुठंतरी दूर असतं आणि महिन्याच्या भाड्यानं आपल्याला ऐकवलं जातं.

दोन वर्षांपूर्वी आईला पंचाहत्तरावं लागलं. डॉक्टरांनी तिचे कान तपासले आणि डावा कान गेल्यातच जमा आहे, उजवाही उतरणीला लागला आहे, असं सांगितलं. घरी आल्यावर ती कपाटाशी गेली आणि कॅसेट माझ्या हातात ठेवून म्हणाली, “उजवा आहे तोवर एकदा ऐकव.”

मी आठवडाभर हिंडले. जुन्या बाजारात, शहागंजात, सिटी चौकात. सिटी चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं फळीवरची धूळ झटकत सांगितलं, “मशीनां तो बहोत पडे हैं, मॅडम. पट्टे गल गए.” यंत्राच्या आत चाक फिरवणारा एक रबरी पट्टा असतो, वर्षानुवर्षं न फिरता पडून राहिला की त्याचं डांबर होतं. त्यानं तीन यंत्रं उघडली, एकाची मोटर, दुसऱ्याचं डोकं, आणि कुठूनसा एक नवा पट्टा असं जुळवून चौथ्या दिवशी मला बोलावलं. फीत आत सैल झाली होती. ती त्यानं पेन्सिल घालून गुंडाळली. शाळकरी पोरांना ही विद्या आता येत नाही.

घरी आम्ही सगळे बसलो. माझा मुलगासुद्धा कानातले दाणे काढून बसला. आधी घरघर आली. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. ते जातं होतं. मग आजी. पहिली पंढरीच्या विठ्ठलाला, मग भावाला, मग लेकीला. तेवढ्यात मागं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि आई, जी इतका वेळ डोळे मिटून उजवा कान पुढं करून बसली होती, एकदम म्हणाली, “हे मी पाडलं होतं. मग आई रागावली नव्हती, कारण यंत्र चालू होतं.”

यंत्र परत मागं नेऊन ते भांडं आम्ही तीनदा पाडलं.

त्या वर्षी मी पदवीच्या वर्गाला लोकसाहित्य शिकवत होते. मुलांना सांगितलं, की गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांच्या मंडळींनी १९९६ साली आपल्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीत बायकांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही मुद्रित करून ठेवल्या. त्यांना त्यासाठी यंत्रं वाहून न्यावी लागली. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे आणि त्यावर तांबडं बटणही आहे. ते दाबा.

एक्केचाळीस मुलांपैकी नऊ जणांनी दाबलं. हे प्रमाण मी वाईट समजत नाही. बाकीच्यांनी इंटरनेटवरून उतरवून आणलं. याच वर्गातल्या दोन मुली रोज जिन्याच्या पायरीवर एकच वायर वाटून घेतात. डावा सूर एकीच्या कानात, उजवा दुसरीच्या. प्रत्येकीला निम्माच वाद्यमेळ मिळतो, पण त्यांची तक्रार नाही. मोरितांना कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या नऊ जणांत वैजापूर तालुक्यातली एक मुलगी होती. तिनं आजीची ओवी भरून घेतली आणि फोन तिच्या कानाशी धरला. आजी म्हणाली, “मलाच ऐकवून काय करती? ह्यांना ऐकव.” ओट्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या, आणि फोनचा आवाज किती तो असणार! तेव्हा आजीनंच आत जाऊन पितळी पातेलं आणलं आणि फोन त्यात ठेवायला लावला. पातेलं घुमू लागलं. ओवी संपली तशी शेजारची म्हातारी म्हणाली, “हे असं न्हाई काही. आमच्या माहेरी निराळं म्हणायच्या.” आणि ती म्हणायला लागली. मुलीनं घाईघाईनं पातेल्यात हात घालून तांबडं बटण दाबलं. त्यामुळं तिच्या त्या दुसऱ्या ओवीची सुरुवात अर्धवटच आली आहे, आणि आधी काही वेळ बांगड्यांचा नि पितळेचा आवाज आहे.