बेरीज सांभाळून

माझा व्यवसाय वाहत्या पाण्याचा आहे असे सांगितले, की नवखा माणूस मला पाटबंधारे खात्यातला समजतो. माझे पाणी मात्र कुणालाच भिजवीत नाही! संगणकाच्या पोटात नळ आणि पंप मांडायचे आणि त्यांतून पाणी कसे वाहील याचे गणित करायचे, एवढेच माझे काम. त्यासाठी सगळ्या जागेवर एक जाळी टाकावी लागते आणि जाळीच्या प्रत्येक घरातला वेग नि दाब काढावा लागतो. घरे बारीक केली तर उत्तर नेमके येते, पण वेळही फार जातो. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातली युक्ती उचलतो. गव्हाला जाड चाळण, पिठाला बारीक. लांबलचक नळाचे गणित जाड जाळीवर, नाजूक पंपाचे बारीक जाळीवर. नळ संपतो त्या तोंडावर कुठे किती वेग आहे याची यादी करायची आणि ती दुसऱ्या गणिताच्या दाराशी नेऊन द्यायची.

खरी मौज या देण्याघेण्यात आहे. एका जाळीचे ठिपके दुसरीच्या ठिपक्यांवर पडत नाहीत. अकरा ठिपक्यांची रांगोळी एकवीस ठिपक्यांवर उतरवू पाहणाऱ्या मुलीला ही अडचण समजावून सांगायला नको. मग नव्या ठिपक्याला जवळच्या शेजाऱ्याचा वेग द्यायचा, किंवा भोवतालच्या चौघांचा अंतराप्रमाणे हिस्सा घालून मधला काढायचा. पहिल्या रीतीने पायऱ्या पडतात, दुसरीने उतार येतो. ठिपक्याठिपक्यापुरत्या दोन्ही रीती प्रामाणिकच.

आणि तरीही बेरीज चुकते. नळ 10 सेंटिमीटर व्यासाचा आहे असे समजा. जाड जाळीत त्याचे गोल तोंड बारा बाजूंचे झाले, तर क्षेत्रफळ भरते 75 चौरस सेंटिमीटर. बारीक जाळीत तेच तोंड जवळजवळ गोल, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर. हिशेब सोपा व्हावा म्हणून वेग सगळीकडे सेकंदाला 1 मीटर धरू. जुन्या तोंडातून सेकंदाला साडेसात लिटर पाणी निघाले. तोच वेग जसाच्या तसा नव्या तोंडावर ठेवला, काठावरच्या रिकाम्या फाकांनाही शेजाऱ्याचा वेग दिला, की पाणी होते 7.85 लिटर. साडेतीनशे मिलिलिटर पाणी आले कुठून? आकाशातून नव्हे, आमच्या यादीतून! पुढच्या नळातले घर्षण तर सुमारे वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कुणाला तरी विनाकारण मोठी मोटर घ्यावी लागणार.

माझी आजी 1957 सालची गोष्ट सांगायची. त्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचे नाणे कुठून आणायचे? मग आण्याचे सहा धरायचे. प्रत्येक व्यवहार जवळच्या पैशापर्यंत चोख. पण असे सोळा आणे मोजले, तर रुपयाचे शहाण्णवच पैसे हाती येतात. चोरी कुणीच केली नाही, आणि चार पैसे मात्र गेले.

आमच्या धंद्यात यावर उपाय आहे. दोन्ही तोंडांवरची बेरीज ताडून पाहायची आणि नवे सगळे वेग एकाच प्रमाणात कमी करायचे. पाणी पुन्हा साडेसात लिटर. पण त्यापायी प्रत्येक वेग साडेचार टक्क्यांनी उतरला, पाण्याचा रेटा तेवढाच उतरला आणि त्याची गतिज ऊर्जा तर नऊएक टक्क्यांनी घटली. सगळेच राखता येत नाही. पंपाकडून लिटर मागायचे असतील तर मी लिटर राखतो. पाण्याची धार एखाद्या पात्यावर आदळायची असेल तर रेटा राखतो.

म्हणून यादी पुढे देताना मी तिच्या माथ्यावर एक ओळ लिहितो: प्रवाह राखला आहे, वेग बदलले आहेत. ज्याच्या हाती ती यादी पडते त्याला आकडे दिसतात. कशासाठी काय सोडले, ते आकड्यांत दिसत नाही. ते देणाऱ्यानेच सांगावे लागते.