परसातली ऊब

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे हिमवर्षाव होत नाही. १३ जानेवारी १८८४ रोजी तेथील पारा ७.८ अंशांवर उतरला होता. एरवी हिवाळ्यातील रात्री पंधरा अंशांच्या आसपास असतात. शाल पांघरून बसलेल्या माणसाला ही थंडी सुखाची वाटते. अंड्यातून बाहेर येऊन जेमतेम तीन दिवस झालेल्या पिल्लाला मात्र ती हिमालयासारखीच असते. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. पुढे अंगावर पिसे फुटेपर्यंत ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करीत न्यावी लागते.

यलहंक्याच्या बाजूला राहणाऱ्या आक्कांना हे आकडे ठाऊक नव्हते, पिल्ले मात्र ठाऊक होती. त्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या. त्या दुष्काळी भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली. आक्कांचे सासर त्यांतलेच. शेजारीण प्रथम ‘कोळी’ म्हणाली, तेव्हा आक्का भिंतीवर जाळे शोधू लागल्या होत्या. कन्नडमध्ये कोंबडीला कोळी म्हणतात, हे त्यांना मागाहून कळले.

दुकानातील मिळकत मंदावली, तेव्हा आक्कांनी परसातील खुराडे वाढवायचे ठरवले. त्यांच्याजवळ दोन गावरान कोंबड्या होत्या. गावरान कोंबडी काटक खरी, पण वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झालेली ‘गिरिराज’ ही जात १९८९ मध्ये पशुपालकांना उपलब्ध झाली. तिची रंगीत कोंबडी परसातील दाणा-किडा टिपून वर्षाला सुमारे १३० ते १५० अंडी देते. साठवलेल्या पैशांतून आक्कांनी डिसेंबरमध्ये गिरिराजची पंचवीस पिल्ले आणली. मात्र सुधारित जातीची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. तिची पिल्ले यंत्रात उबवली जातात आणि आईच्या पंखांची जागा विजेचा दिवा घेतो.

तिसऱ्याच रात्री वीज गेली. दिवा विझताच पिल्ले चिवचिवाट करीत एका कोपऱ्यात एकमेकांवर चढू लागली. अशा वेळी थंडीपेक्षा चेंगराचेंगरीनेच अधिक पिल्ले दगावतात.

“आई, कोळशाची शेगडी आत ठेवू या आणि दार-खिडकी लावून घेऊ,” मुलगा म्हणाला.

“दुकानात भट्टी पेटवल्यावर खिडकी लावतोस का रे?” आक्कांनी विचारले. मुलगा गप्प झाला. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो माणसाचाही जीव घेतो, तेथे पिल्लांची काय कथा!

गावरान कोंबड्यांपैकी एक त्या वेळी खुडूक बसली होती. आक्कांनी अंधारातच तिच्याखालची अंडी काढली आणि एकेक करीत बारा पिल्ले पोटाखाली सरकवली. दिवसाउजेडी तिने परकी पिल्ले टोचून हाकलली असती. रात्री ती नुसती हलली, पंख थोडे पसरले आणि स्थिर झाली. उरलेली तेरा पिल्ले डालग्यात ठेवून मधोमध गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. वरून पोते टाकले, पण हवेपुरती एक बाजू उघडी ठेवली. पाणी निवले की बदलायचे, असे पहाटेपर्यंत चालले. डालग्यातील तीन पिल्ले गेली. कोंबडीखालचे एकही गेले नाही.

मोठ्या कोंबड्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून त्या मध्ये हवा कोंडतात, एक पाय पोटात घेतात आणि कोरडी थंडी सहज सोसतात. काश्मीर-लडाखसारख्या प्रदेशात पिण्याचे पाणी गोठते आणि हिमदंशाने तुऱ्याची टोके काळी पडतात. तेथेही खुराडे गच्च बंद करणे घातकच ठरते. श्वासातील वाफ व विष्ठेतील अमोनिया आत साठतो आणि ओलावा थंडीहून वैरी होतो. जमिनीवर भाताच्या तुसाचा जाड थर आणि छताखाली वाऱ्याला वाट, ही गरज तेथेही आहे आणि बंगळुरूतही. दिवस लहान झाला की अंडीही कमी होतात. लेहमधील हिवाळी दिवस जेमतेम दहा तासांचा, बंगळुरूतील त्याहून सुमारे दीड तासाने मोठा. त्यामुळे येथील कोंबड्या अगदीच रुसत नाहीत.

आक्कांची बारा पिल्ले मात्र खुडूक कोंबडीला सोडीनात. दोन महिन्यांत ती अंगाने तिच्याहून मोठी झाली, तरी संध्याकाळ झाली की तिच्या पंखाखाली डोके खुपसायला धडपडत. तिचे पाय जमिनीला टेकत नसत. पण तिने एकालाही टोचले नाही. जूनच्या सुरुवातीला तुसात पहिले लहानसे तपकिरी अंडे सापडले. शेजारणीने त्याचे पैसे पुढे केले, तेव्हा आक्का म्हणाल्या, “हे राहू दे. उद्यापासून हिशेब.”