मोतीबिंदू किती 'पिकला'? एका मोजमापाचा इतिहास

#धागा

मराठी घरात मोतीबिंदू फळासारखा असतो. तो येतो, पिकतो आणि पिकल्यावर काढला जातो. ही भाषा केवळ ओसरीवरची नव्हे. कच्चा, पक्व, अतिपक्व अशीच प्रतवारी नेत्रशल्यविशारदही दीर्घकाळ करीत आले. कधी कापावे एवढेच ठरवायचे असेल, तर तीन पायऱ्या पुरतात.

थेंबांनी मोतीबिंदू थांबतो का, हे ठरवायचे असेल तर मात्र त्या मुळीच पुरत नाहीत.

हा विकार वर्षानुवर्षे, तोही असमान गतीने वाढतो. काही महिन्यांत काहीच बिघडले नाही, तर श्रेय औषधाचे की विकाराच्या संथपणाचे? जुने दावे बहुधा रुग्णाला तक्त्यावरची किती अक्षरे दिसली यावर उभे असत. पण ती अक्षरे उजेडावर, बाहुलीच्या आकारावर आणि सरावावरही अवलंबून असतात.

त्यातच एक चकवा आहे. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याला लघुदृष्टी येते आणि जवळचे काही काळ चष्म्यावाचून दिसू लागते. आजोबा चष्मा बाजूला ठेवून वर्तमानपत्र वाचतात, घर आनंदते. त्याच सुमारास कोणी थेंब सुचवले असतील, तर श्रेय थेंबांना! प्रत्यक्षात ती विकार पुढे सरकल्याचीच खूण असते.

म्हणून दृष्टी नव्हे, खुद्द भिंगच मोजणे भाग होते. १९११ मध्ये स्वीडनच्या गुलस्ट्रँड यांनी स्लिट लॅम्प मांडला. प्रकाशाच्या बारीक चिरेत जिवंत डोळ्यातील भिंगाचा जणू उभा छेद दिसू लागला. मात्र त्याचे छायाचित्र घेताना एक भाग स्पष्ट आला की दुसरा धूसर होई. यावरचा उपाय अनपेक्षित दिशेने आला. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांतून नकाशे करण्यासाठी तिरप्या प्रतलाची भूमिती वापरली होती. पुढे त्याच भूमितीने भिंग पुढून मागेपर्यंत स्पष्ट टिपता येऊ लागले आणि त्याची धूसरता यंत्राने मोजता येऊ लागली.

१९९३ मध्ये अमेरिकेतील लिओ चायलॅक व सहकाऱ्यांनी 'लॉक्स ३' ही पद्धत प्रसिद्ध केली. नमुना छायाचित्रे शेजारी ठेवायची आणि रुग्णाच्या भिंगाला गुण द्यायचे. गाभ्याचा रंग व धूसरता ०.१ ते ६.९, बाहेरचा थर आणि मागच्या आवरणालगतचा डाग ०.१ ते ५.९. सारे मर्म त्या दशांशात आहे. पूर्णांकांच्या मोठ्या पायऱ्यांत जो बदल लपून राही, तो आता पकडता येऊ लागला.

फुटपट्टी हाती आली आणि आशा कोसळू लागल्या. मदुराईजवळच्या खेड्यांत ३५ ते ५० वयाच्या ७९८ जणांवर जीवनसत्त्वांची चाचणी झाली. आठवड्यातून तीनदा गोळी, काहींना खरी, काहींना नुसती, अशी पाच वर्षे. २००६ मध्ये निष्कर्ष आला की दोन्ही गटांत मोतीबिंदू सारखाच वाढला. अमेरिकेतील 'अरेड्स' या मोठ्या अभ्यासाने २००१ मध्येच असे उत्तर दिले होते. हे अपयश मानणे अन्यायाचे आहे. पाच वर्षे गोळ्या घेणाऱ्या त्या खेडुतांनी पुढच्या लाखोंचा वृथा खर्च वाचवला.

खर्चाहून वेळ महाग. थेंबांच्या भरवशावर थांबलेल्या डोळ्यात मोतीबिंदू अतिपक्व झाला, तर भिंगातील प्रथिने झिरपून डोळ्याचा दाब वाढू शकतो. त्याने दृष्टीची नस एकदा गेली, की शस्त्रक्रियेनेही ती परत येत नाही.

२०१५ मध्ये 'नेचर'मध्ये लॅनोस्टेरॉलची बातमी आली. प्राण्यांच्या भिंगातील धूसरता त्याने घटल्याचा दावा होता. भारतीय नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेले मानवी मोतीबिंदूचे गाभे त्याच्या द्रावणात ठेवून पाहिले. ते निवळले नाहीत. माणसाच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्माआधीच तयार झालेली असतात. शरीर ती आयुष्यभर बदलत नाही. द्रावणात पडलेला तो गाभा त्या माणसाहूनही काही महिन्यांनी वडील होता.